मुक्त अभिव्यक्ती, इयत्ता दुसरी

६ जानेवारी

मोठ्या बाई प्रदर्शनाला हो म्हणाल्या! खरं तर "करा, पण भिंतीला खिळे मारायचे नाहीत" एवढंच म्हणाल्या. पण डोळ्यांत कौतुक होतं. असावं. चष्म्यावर उजेड पडला होता.

विषय मी दिला: 'माझं चित्र, माझं मन'. माझा अख्खा दुसरीचा वर्ग. मार्क नाहीत, नंबर नाहीत, कॉपी नाही. मूल म्हणजे भरायचं भांडं नव्हे, उमलणारं फूल आहे, हे मी मुलाखतीतही सांगितलं होतं. तेव्हा मोठ्या बाईंनी विचारलं होतं, शनिवारी यायला जमेल ना.

संकल्प: मुलांच्या चित्राला मी बोटसुद्धा लावणार नाही.

घरी सांगितलं. बाबा एकदम खूश. उद्या गॅरेजमध्ये सगळ्यांना कळेल की 'आमच्या मॅडम' काय करतायत. आई म्हणाली, चांगल्या कपड्यांवर रंग पाडून घेऊ नकोस. ताई शिलाई मशीनवर होती, तिनं मान डोलावली. मशीन चालू असताना तिची मान तशीही डोलते, त्यामुळे मत कळलं नाही.

७ जानेवारी

पहिला तास. म्हटलं, मनात येईल ते काढा. अख्ख्या वर्गाच्या मनात एकच गोष्ट आली. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली घर, वर चारच्या आकड्यासारखे पक्षी. मी डोंगरबंदी जाहीर केली. पहिल्या बाकावरचा तो, ज्याला सगळे वकील म्हणतात, उठून म्हणाला, "बाई, मनात डोंगरच असले तर?" मी म्हटलं, अजून आत बघ. त्यानं शर्टाच्या आत बघितलं. वर्ग हसला. ही सर्जनशीलतेची सुरुवात आहे.

डोंगर नसलेला कागद एकच होता. शेवटच्या बाकावरच्या मुलीचा. नुसते चौकोन. एकावर एक, शिस्तीत, पेन्सिलीनं, कागद भरून.

ही मुलगी शाळेत आल्यापासून एक अक्षर बोललेली नाही. हजेरीलाही नुसता हात वर. मुलं तिला मुकी म्हणायची, मी बंद करवलं. मी मनात तिला कळी म्हणते. हजेरीतलं नाव वेगळं आहे, पण ते तिला शोभत नाही.

१० जानेवारी

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. कळीच्या तोंडी परीक्षेचं काय करणार, असं विचारलं. बोलतच नाही तर मार्क कशाचे द्यायचे? पुढच्या वर्षी तिला ठेवता येणार नाही, आईला तसं सांगून टाका.

मी म्हटलं, तिची भाषा वेगळी आहे.

"मग ती भाषा शिकवणारी शाळा बघा म्हणावं," मोठ्या बाई म्हणाल्या.

व्यवस्थेशी झगडा म्हणतात तो हाच. आतून फार बळ आलं. चहा घेतला नाही. कोणी विचारला नव्हता, पण विचारला असता तरी घेतला नसता.

११ जानेवारी

कळीच्या आईला भेटले. हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. तळघरात लांबलचक खोली, वाफेनं अंग चिकट होतं, आणि चादरींच्या घड्या जमिनीपासून छतापर्यंत, एकावर एक. किती नीरस जागा! कळी शाळा सुटल्यावर इथंच येऊन घड्यांसमोर बसते, सोबत पेटीत झोपलेला तान्हा भाऊ. अशा ठिकाणी पोरीच्या कल्पनेला पंख कसे फुटणार?

आई म्हणाली, "बोलत नाही? घरी तोंड बंद नसतं बाई तिचं. भावाला दिवसभर रागावते."

मग खरी गोष्ट सांगितली. बाळाला सांभाळणारी सासू गेल्या महिन्यात वारली. इथं बाळाला आणू नका, असं सुपरवायझर रोज बजावतो. "शाळेला ती नको असेल तर सांगून टाका. मी तिला घरी बसवते, बाळाला बघेल. उगाच दोन्हीकडे हाल कशाला?"

मी तिचा हात धरला. ओला होता. म्हटलं, प्रदर्शनापर्यंत थांबा. तुमच्या मुलीत काय आहे ते तुम्ही डोळ्यांनी बघाल.

तिनं हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "तिला काही येत असलं ना बाई, तर बाळाची सोय मी कुठंही करीन. पण खरंच येत असलं तर."

मी शब्द दिला. माझ्या हातून एक आयुष्य घडणार!

घरी सांगितलं तर ताईनं मशीन थांबवली. विचारलं, "बाळ केवढं आहे?" म्हटलं, पाच-सहा महिन्यांचं. तिनं मशीन पुन्हा सुरू केली. ताईनं शाळा सोडली तेव्हा मी साधारण तेवढीच होते. तिला शिकायची आवडच नव्हती, असं आई म्हणते. ताई काही म्हणत नाही.

१४ जानेवारी

कळीला सर्वात मोठा कागद दिला. नवे रंग दिले. शेजारी बसून हळुवार म्हटलं, तुझ्या मनात कोंडलेलं सगळं बाहेर येऊ दे. तिनं माझ्याकडे बघितलं, पेन्सिल घेतली आणि चौकोन काढले.

म्हटलं, हे झालं, आता मनातलं.

आणखी चौकोन.

धीर सोडायचा नाही.

१७ जानेवारी

आज एक शोध लागला. चौकोन म्हणजे पिंजरा! बंदिस्त मनाचं प्रतीक! इतके दिवस ती ओरडून सांगत होती आणि मी आंधळी. तिला विचारलं, पिंजरा आहे ना? ती गप्प. मौन म्हणजे होकार.

पण पिंजऱ्यात पक्षी हवा, नाहीतर बघणाऱ्याला कळणार कसं? तिचा हात माझ्या हातात धरला आणि आम्ही मिळून पक्ष्याची चोच काढली. हात धरणं म्हणजे हात लावणं नव्हे. अक्षरं तरी आपण कशी शिकवतो?

तिचा हात सगळा वेळ ताठ होता. भावनेचा आवेग.

२१ जानेवारी

पक्षी पूर्ण. शेवटी शेवटी तिनं हात काढून घेतला, कंटाळली असेल, म्हणून पंख मी एकटीनं केले. नुसती आउटलाइन. आणि थोडा रंग.

इतर मुलांवर अन्याय नको, म्हणून त्यांच्या चित्रांवरूनही ब्रश फिरवला. मुळातली कल्पना त्यांचीच. वकिलाचा मासा बुटासारखा दिसत होता. मासा केल्यावर त्यानं सांगितलं की तो बूटच होता.

शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावल्या. या शाळेत केस पांढरे केलेत त्यांनी. म्हणाल्या, "अगं, एवढी मेहनत कशाला? डोंगर काढू दे की. पालकांना डोंगर आवडतात." मी नुसती हसले. माणूस आतून म्हातारा झाला की असं बोलतो.

२५ जानेवारी

चित्राखाली चिठ्ठ्या लावायच्या, 'मुलांच्या शब्दांत'. मुलांचे शब्द गोळा केले. फार उपयोगी नाहीत. वकील त्याच्या दुसऱ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "हे कुत्रं माझ्या काकाला चावलं आणि मला मजा आली." मी लिहिलं: 'मला सगळ्या प्राण्यांविषयी प्रेम वाटतं.' त्यानं वाचून विचारलं, "बाई, हे कोण बोललं?" आशय तोच आहे.

कळीच्या चित्राला: 'मला आकाश हवं आहे.' लिहिताना डोळे भरून आले. तिला वाचून दाखवलं. ती माझ्या पेनाकडे बघत होती.

३० जानेवारी

कळीचं चित्र घरी आणलं. पिंजऱ्याचं दार उघडं केलं, पक्षी बाहेर काढला, चौकोन जास्त वाटत होते ते निळ्यानं झाकले. मागं रिकामं वाटायला लागलं म्हणून दोन डोंगर टाकले. अगदी फिकट. मधून सूर्य.

ताई पाठीशी येऊन उभी राहिली. "कुणाचं हे?"

"माझ्या एका विद्यार्थिनीचं."

"मग ब्रश तुझ्या हातात कसा?"

म्हटलं, तुला यातलं कळणार नाही. ती म्हणाली, "बरं." मग दिवा माझ्या बाजूला सरकवून दिला.

ताईच्या बोलण्यात अलीकडे फार कडवटपणा आला आहे. घरात वाचनाचं वातावरण करायला हवं. संकल्प: रविवारी ताईला पुस्तक आणून देणे.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी

प्रदर्शन झालं. क्रमानं लिहिते, म्हणजे नीट विचार करता येईल.

हॉल सुंदर दिसत होता. दोऱ्या बांधून चित्रं लटकवली होती, खिळे नाहीत. पाहुणे म्हणून चित्रकार आले होते, मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणारे. पालकांची गर्दी. बाबा गॅरेजमधून अर्धी सुट्टी घेऊन आले, पहिल्या रांगेत बसले.

पाहुणे कळीच्या चित्रासमोर थांबले. चिठ्ठी मोठ्यानं वाचली. म्हणाले, या वयात एवढी समज! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कळीची आई मागं दाराशी उभी होती, कामाच्या कपड्यांतच. तिनं बाळ शिपाईमामांच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या चालू होत्या. मला वाटलं, जिंकलं.

मग पाहुणे कळीसमोर उकिडवे बसले. भले गृहस्थ. खिशातून छोटी वही काढली. म्हणाले, "बाळ, मलाही असं काढायला शिकव ना."

कळीनं पेन्सिल घेतली. चौकोन काढला. त्यावर चौकोन. त्यावर चौकोन. पाहुणे थांबून होते, आम्ही सगळेच. पान भरलं.

"छान. आणि पक्षी?" त्यांनी विचारलं.

"पक्षी बाईंनी काढला," कळी म्हणाली.

स्पष्ट. खणखणीत. मागच्या रांगेपर्यंत. वर्षभरात पहिल्यांदा मी तिचा आवाज ऐकला. थोडा घोगरा आहे.

पाहुणे उठले, चेहरा लाल झाला होता, माझ्याकडे न बघता शेजारच्या चित्राकडे वळले. "अरे वा, मासा!"

"तो बूट होता," वकील म्हणाला. "मासा बाईंनी केला."

त्यानंतर मात्र आवरेना. माझं पण बाईंनी! माझं पण! माझ्यात फक्त सूर्य माझाय! माझ्यात काहीच नाही माझं! सगळा वर्ग आपापल्या चित्राशी धावला, बोटं दाखवून, उड्या मारत. इतक्या मोकळेपणानं ही मुलं आजवर कधी बोलली नव्हती. पालक हसत होते. मोठ्या बाई छताकडे बघत होत्या. बाबा टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं माझं कौतुक चाललंय.

कळीची आई हसत नव्हती. तिनं शिपाईमामांकडून बाळ परत घेतलं.

३ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. प्रदर्शन यशस्वी आहे. उद्देश काय होता? मुलांनी मनातलं बोलावं. बोलली. कळी बोलली! जे वर्षभरात कोणाला जमलं नाही ते माझ्या चित्रानं केलं. म्हणजे तिच्या.

मोठ्या बाईंना हेच सांगितलं. तोंडी परीक्षेचे मार्क द्या, सगळा हॉल साक्षीदार आहे.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ती काय बोलली ते ऐकलंत ना तुम्ही?"

तो मुद्दा नाही.

कळी आज गैरहजर. दगदग झाली असेल.

७ फेब्रुवारी

आठवडाभर गैरहजर. लाँड्रीत गेले. बाळाची पेटी नव्हती. सुपरवायझर खूश दिसला.

मी समजावलं. म्हटलं, ती बोलली, हे मोठं पाऊल आहे, मोठ्या बाईंना मी पटवते आहे, फक्त थोडा वेळ द्या.

कळीची आई घडी घालता घालता म्हणाली, "बाई, बोलते हे मला ठाऊकच होतं. मी काय विचारलं होतं तुम्हाला? काही येतं का तिला."

म्हटलं, येतं! खूप काही येतं!

"मग ते का नाही लावलंत?"

वाफेनं चष्मा धुरकट झाला होता, पुसत राहिले.

"मी टाळ्या वाजवल्या तिथं," ती म्हणाली. एक चादर संपली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "आता बाळाला सांभाळते. ते तिला खरंच येतं."

परत येताना ठरवलं: दर रविवारी कळीच्या घरी जाऊन शिकवायचं. वर्षभर. काही झालं तरी.

९ फेब्रुवारी, रविवार

कपडे वाळत घालायचे राहिले होते. पुढच्या रविवारपासून.

१६ फेब्रुवारी, रविवार

डोकं जड. शिवाय आधी अभ्यासक्रम आखायला हवा. आखणी न करता जाणं तिच्यावर अन्याय होईल.

२४ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी बोलावलं. वाटलं, गेली नोकरी. म्हणाल्या, पुढच्या वर्षीही या. "शाळेचे सगळे फलक तुम्हीच रंगवा. हात चांगला आहे तुमचा." बाबांना फोन केला. ते गॅरेजमध्ये ओरडले ते फोनवर ऐकू आलं.

घरी येताना औषधाच्या दुकानापाशी कळी दिसली. बाळ कडेवर. बाळाशी बोलत होती. नुसती बोलत नव्हती, धबधबा. "पाय हलवू नको म्हटलं ना, पडला बघ मोजा. आता कोण उचलणार? मीच. बस बघ बस, लाल. तिच्यामागं पांढरी. त्या काकांची टोपी बघ, उडणार आता. उडाली!" बाळ हसत होतं. घोगरा आवाज, जरा मोठाच.

मी हाक मारायला तोंड उघडलं. कळी हे नाव तिला माहीत नाही. हजेरीतलं काही केल्या आठवेना.

तेवढ्यात तिनं मला बघितलं आणि गप्प झाली. मी जवळ गेले. विचारलं, बरी आहेस ना. तिनं बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि मला जायला वाट मिळावी म्हणून बाजूला झाली.