ओढ्याकाठचे ओंडके

३ मे
लाकडावर वाढणारी जंगली बुरशी कुठे वाढते आणि का, हा आमच्या विभागाचा प्रकल्प. आमचा म्हणजे माझा. बायकोही याच विभागात. जागा मीच वाटल्या. मला ओढ्याकाठची गार, दाट सावली. तिला वरचा उन्हाचा उतार, वादळात पडलेल्या झाडांचा. वाईट वाटू नये म्हणून सांगितलं, तुझा उतार रस्त्याला जवळ आहे. ती म्हणाली, बरं.

९ मे
ओढ्याकाठी कुजक्या खोडांचा नुसता पसारा. असल्या पसाऱ्यात शास्त्र होत नाही. सगळी उचलून बाहेर टाकायला लावली. त्यांच्या जागी ताजे, सोललेले, एका मापाचे ओंडके, ओळीत. फोटो झकास आले. बायको म्हणाली, निदान विचारून तरी हलवायचीस. हेवा, दुसरं काय.

२१ जून
बायको बहिणीकडे राहायला गेली. तिथून जंगल जवळ पडतं. हिवाळी कपडेही नेले. दूरदृष्टी आहे तिला.

२ ऑगस्ट
ओंडक्यांवर काही नाही. निम्मे पाण्यात. बायको फोनवर म्हणाली, लाकूड इतकं भिजलं की बुरशीला हवाच मिळत नाही. मी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, पण सहज. तिच्या जाड, जुन्या खोडांच्या आत उन्हातही ओल टिकते म्हणे. एकेका खोडावर कितीतरी जाती. नशीब असतं एकेकाचं.
आता तिला फोन करायचा नाही.

३ ऑगस्ट
फोन केला. मेहुणीने उचलला. ती आंघोळीला गेलीय म्हणाली. संध्याकाळीही आंघोळीलाच. पाणी भरपूर दिसतं तिकडे.

२० सप्टेंबर
बायको ओढ्याकाठी आली. हसेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. हसली नाही. म्हणाली, इथे सगळं होतं रे, तू साफ केलंस. घरी कधी येतेस, विचारणार होतो. पण जीपला उशीर होत होता. जीप माझ्याचकडे होती, तरी.

११ ऑक्टोबर
पुढचा तीन वर्षांचा प्रकल्प बायकोला. साहेबांना तोंडावर सांगितलं, तत्त्वाचा प्रश्न आहे, बायकोच्या हाताखाली मी काम करणार नाही. साहेब म्हणाले, तो प्रश्नच येत नाही, त्यांनी तुमचं नाव दिलेलंच नाही.
दारापर्यंत गेलो. परत फिरून विचारलं, अजून घालता येईल का.
साहेब म्हणाले, त्यात काय, घरी गेल्यावर त्यांनाच विचारा.