ऐनवेळी भरायची जागा

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

चिरंजीव बाब्या,

अनेक आशीर्वाद. सवयीनं लिहून गेले, आता राहू दे. आम्ही इकडे ठीक आहोत. तू कसा आहेस हे विचारत नाही. काल संध्याकाळपासून तू सगळ्या चॅनेलवर दिसतोयस आणि बरा दिसत नाहीयेस.

तुझा सेक्रेटरी पुढच्या खोलीत बसलाय. अंगात कालचाच शर्ट आहे. त्याला चहा दिला आणि त्यानं आणलेलं निवेदन वाचलं. साहेबांच्या भाषणाची पानं विरोधकांनी बदलली, मूळ भाषण मी लिहिलं होतं आणि त्यात तसा मजकूर नव्हता, असं मी सही करून द्यायचं. ते अकराच्या बातम्यांत दाखवायचं आणि परवाच्या मतदानाआधी तुझं नाक वाचवायचं. निवेदन कुणी लिहिलं रे? एकेक वाक्य एवढं लांब, की शेवटाला पोचेपर्यंत माणूस सुरुवात विसरतो. असली कामं तू नेहमी माझ्याकडून करून घेतोस. यावेळी पंचाईत झाली असेल.

पानं कुणी बदलली नाहीत. सातवं पान मीच लिहिलं. दुपारी, पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीत.

तुझ्या सेक्रेटरीला अजून कळत नाहीये की साहेबांनी ते आधी वाचलं कसं नाही. मी त्याला काय सांगणार? शाळेत तू उभा राहिलास की 'म'वर अडायचास आणि पोरं खिदळायची. तेव्हा मी तुला वहीत लाल रेघा मारून दिल्या होत्या. एक रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे थांब आणि समोर बघ. आधी वाचू नकोस, आधी वाचलंस की घाबरतोस, थेट उभं राहून वाच, हेही मीच शिकवलं. तू ती स्पर्धा जिंकलास. पुढं पाणी समितीचा सभापती झालास, आता राज्याच्या निवडणुकीला उभा राहिलास, पण कागद हातात घेण्याची रीत तीच. लोक म्हणतात, साहेब काय उत्स्फूर्त बोलतात! मी घरात भाजी चिरत ऐकते आणि तुझा श्वास नेमका कुठं पडणार ते मला आधीच ठाऊक असतं.

काल साडेसहाला तू मैदानात उभा राहिलास. सहाव्या पानापर्यंत काय रंगला होतास! त्याच पानाच्या शेवटी पाण्याच्या टाकीचा विषय आला. 'टाकीच्या खांबांना तडे गेल्याची तीन पत्रं माझ्या टेबलावर आली होती,' असं तू कडाडून म्हणालास. दोन रेघा होत्या म्हणून थांबलास आणि समोर बघितलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पान उलटलंस आणि त्याच आवाजात वाचलंस, 'आणि मी ती खणात ठेवली, कारण निवडणुकीच्या तोंडावर तीन दिवस पाणी बंद ठेवणं मला परवडणारं नव्हतं.' तिथंही दोन रेघा होत्या. तिथंही तू थांबलास. अरे, तिथंही पहिल्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या! नंतर तुझे ओठ हलत राहिले आणि आवाज फुटेना. पुढचं वाक्य मी मुद्दाम 'म'पासून सुरू केलं होतं.

हो, मुद्दाम. एवढा दुष्टपणा माझ्यात आहे हे मलाही नवीनच होतं. आवडलाही मला तो.

आता तू म्हणशील, ताई, जुनं किती उगाळशील? चार वर्षं झाली. तुझ्या दृष्टीनं झाली असतील. हे, म्हणजे तुझे भाऊजी, पाणीखात्यात अभियंता होते, असं मी आता कुणाला सांगायला गेले की माणसं आधी मान हलवतात आणि मग विषय बदलतात. यांनी तुला तीन वेळा लिहून कळवलं होतं, की टाकी रिकामी करा, नाहीतर ती खाली येईल. तिसऱ्या पत्रानंतर तू आमच्याकडे जेवायला आलास. माझ्यासमोर, माझ्या हातची पोळी मोडत म्हणालास, 'भाऊजी, निवडणूक होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल ते करू.' हे म्हणाले, 'टाकीला निवडणूक कळत नाही हो.' तू हसलास. मीही हसले, तेही लिहून टाकते.

बाराव्या दिवशी टाकी कोसळली. खालच्या पंपघरात तिघं होते. तिघंही गेले.

त्यानंतर फाइलमधून ती पत्रं गेली आणि त्यावरची तुझ्या सहीची पोचही गेली. मग तू ते भाषण केलंस आणि सगळं खापर यांच्या डोक्यावर फोडून मोकळा झालास. त्या भाषणानंतर यांना कामावरून काढलं. जिन्यात कुणीतरी काळा रंग फासला. त्या तिघांपैकी एकाची आई आमच्या दारात येऊन नुसती उभी राहिली. हे दार उघडून तिच्यासमोर तसेच उभे राहिले. पत्रं पाठवली होती असं तिला सांगितलं का, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, 'दाखवायला काय आहे माझ्याकडे?' त्या दिवसापासून हे जिना उतरलेले नाहीत. दाढीचं सामानसुद्धा मी आणते.

आणि मी चार वर्षं तुझी भाषणं लिहीत राहिले. तुला वाटलं ताईनं गिळलं. बहिणी गिळतात, असा तुझा हिशेब. बाब्या, मी फक्त वाट बघत होते, तू किती मोठ्या माईकपाशी पोचतोस त्याची. समितीच्या सभेत तुला पाडलं असतं तर दहा माणसांनी ऐकलं असतं. म्हणून तुला वर चढवलं. उमेदवारीच्या वेळचं ते भाषण, ज्यावर तुझ्या पक्षाचे म्हातारे डोळे पुसत होते, ते मी याचसाठी मन लावून लिहिलं होतं.

इथपर्यंत लिहून पेन खाली ठेवलं होतं. सेक्रेटरीला दुसरा चहा दिला. आता उरलेलं लिहिते. 'ते भाषण, ते भाषण' म्हणत मी मघापासून ज्याच्या कडेकडेनं फिरतेय, ते कुणी लिहिलं हे तुला वेगळं सांगायला नको.

टाकी पडल्याच्या तिसऱ्या दिवशी तू फोन केलास. 'ताई, कंत्राटदाराला धरायचंय. नाव अजून पक्कं नाही, ऐनवेळी भरीन. तेवढी जागा सोड.' मी सोडली. पत्रं यांनी पाठवली होती, मग यांना कशाची भीती, असं मला वाटलं. आणि संतापानं मी असं लिहिलं, की तसं पुन्हा कधी जमलं नाही. 'ज्याच्या भरवशावर हे शहर निर्धास्त झोपलं, तोच झोपला होता.' दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तू ते वाचलंस आणि माझ्या रिकाम्या जागेत यांचं नाव घातलंस. हे माझ्या शेजारी बसले होते. मी यांच्याकडे बघितलंच नाही. भाषण माझं आहे, असं मी यांना त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतर कधीच सांगितलं नाही. तू आमचं घर बुडवलंस हे खरं, पण वाक्यं माझ्या हातची होती. चार वर्षं तुझ्यावर दात खाल्ले ना, त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच होता. तोही तुझ्याच नावावर खपवत होते.

काल तू मैदानात गप्प उभा राहिलास तेव्हा हे पुढं वाकून बघत होते. मग टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाले, 'छान लिहिलंयस.'

मला रडू आलं. वाटलं, झालं, फिटलं सगळं.

मग चष्मा पुसत म्हणाले, 'तेही छान होतं. झोपल्याचं.'

बाब्या, यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझी वाक्यं हे ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार? चार वर्षं माझ्या हातचं जेवले, मी आणलेल्या ब्लेडनं दाढी केली आणि मी कधी बोलते याची वाट बघत बसले. मी तुझी वाट बघत होते आणि हे माझी.

मी सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. माफ केलं की नाही ते बोलले नाहीत आणि मी विचारलंही नाही.

तेव्हा आता नीट वाच. तुझं निवेदन सही न करता परत पाठवतेय. अकरा वाजता तुला वाचवायला नाही, पण त्याच वेळेला चॅनेलवाले माझ्याकडे येणार आहेत. मी त्यांना तू जेवताना काय म्हणालास ते सांगणार, आणि दोन्ही भाषणांचे माझ्या अक्षरातले कच्चे कागद दाखवणार. पहिल्यातली मोकळी जागासुद्धा. तुझ्याबरोबर माझंही तोंड काळं होईल, होऊ दे. तुला एकट्याला बुडवून मी काठावर राहिले, तर या घरात यांच्यासमोर बसायला मला जागा उरणार नाही. त्यानंतर यांच्यासोबत, पंपघरात गेलेल्या त्या मुलाच्या आईकडे जाणार आहे. हे येतो म्हणालेत. आत बूट शोधतायत.

तू पडावास अशी माझी मनापासून इच्छा आहे. आशीर्वाद वर लिहिलाय तो खोडत नाही, पण पुन्हा मागू नकोस.

दोन्ही भाषणं लिहिणारी,
तुझी ताई