बंबापुढचा नारळ

२७ सप्टें.
लीडिंग फायरमन आप्पा रिटायर झाले. बंबात ड्रायव्हरशेजारची त्यांची सीट रिकामी. कंपनीच्या फायर स्टेशनात आता सिनियर मीच. पण आमच्याकडे बढतीची ऑर्डर येते मागाहून. खंडेनवमीला बंबापुढं ज्याच्या हातून नारळ फुटतो, तोच त्या सीटवर बसतो. बायकोने, सुनीताने, लगेच माहेरी खुटबावला सांगायला फोन लावला. हिला घाईच फार.

२९ सप्टें.
ड्रायव्हर अस्लमने जेवताना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतले काळे फायरमन, पूर्वीचे. आग एकच, पण स्टेशनात त्यांची कॉट वेगळी, ताटं वेगळी. बढतीचं तर नावच नको. शेवटी संघटना काढली, कोर्टात भांडले.
"आपल्यात तसलं काय न्हाई, व्हय ना?"
"न्हाई," म्हणालो. डबे एकत्रच उघडतो, खरंच. तरी दिवसभर डोक्यात तेच.

१ ऑक्टो. खंडेनवमी
स्टेशनच्या साहेबांनी नारळ महादूला दिला. माझ्याहून ज्युनियर. मग मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात. "तुम्ही बौद्ध लोक पूजा करत न्हाई ना. तुला अवघडायला नको, म्हणून."
करत नाहीच. आज्याने देव भीमेत सोडले तेव्हापासून घरात पूजा नाही. मग राग कसला आला? मान ठेवला की काटा काढला? वर मूर्खासारखा थँक्यू सर म्हणालो!!

४ ऑक्टो.
कवठ्याच्या रोडला पुठ्ठ्याचं गोडाऊन पेटलं. पाइप धरून आत मी. महादू बाहेरून, "आत जा, आजून आत!" नंतर त्यानेच माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. "तू हायेस म्हणून इझली रं." चिडावं तर कुणावर.
घरी सुनीता: "आवं, दिला असता नारळ, तर फोडला असता का तुम्ही?"
काय सांगू. जेवण गेलं नाही.

७ ऑक्टो.
साहेबांकडे गेलो. "सर, सीट सिनियॉरिटीनं द्या. नारळाचा काय संबंध?" ते हसले. "उद्या नवा बंब येतोय. येताना नारळ आण, तूच फोड, आन् बस त्याच्या पुढच्या सीटवर. मिटलं?"
अस्लम खूश. "जिंकलास की लका!"
जिंकलो? फोडला तर सीट मिळेल, पण मी मागितली तशी नाही. नाही म्हटलं तर 'तुम्ही पूजा करत न्हाई' हे साहेबांचंच खरं. आणि सीट महादूसारख्या दुसऱ्याला.
वडिलांना फोन केला. "नोकरी तुझी, तू ठरव," म्हणाले. एरवी तासभर सोडत नाहीत, आज लगेच ठेवला. वाईट वाटलं.
कोपऱ्यावरचं दुकान बंद व्हायला आलंय. सुनीता पिशवी घेऊन दारात उभी. "नारळ आणायला जाऊ का नको?" दोनदा विचारून झालं तिचं.