चढावरचा हात

३ मार्च, रविवार
आलो बुवा एकदाचा ताईकडे राहायला! सामान वर नेताना दुसऱ्याच मजल्यावर माझी बत्ती गुल झाली, आणि माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी ताई पुस्तकांची दोन खोकी काखेत मारून तिसऱ्या मजल्यावर पोचलीसुद्धा. शाळेत खेळाची बाई होती ती. मुलं तिला तोफ म्हणत. निवृत्त झाली तरी तोफ काही थंडावलेली नाही. म्हणाली, छापखान्यात खुर्ची उबवून उबवून तुझं पोट पुढे गेलंय आणि तू मागे राहिलायस. डॉक्टरही हेच म्हणाले होते, जरा सभ्य शब्दांत. खोली झकास आहे, खिडकीतून टेकडी दिसते. ताईने माझ्यासाठी जाड टायरची जुनी सायकलही आणून ठेवलीय. मेलो!

१० मार्च, रविवार
टेकडीवर दर रविवारी सकाळी पाच-सहा सायकलवाले जमतात. म्होरक्या म्हणजे सायकली दुरुस्त करणारा एक हाडकुळा, मितभाषी माणूस. वाटेत मुळं, दगड, भुसभुशीत माती. उतारावर जीव मुठीत आणि चढावर तोंडाला फेस. शेवटच्या चढाला सगळे 'खडूस' म्हणतात, आणि तिथली एक रीत आहे. नवखा दमला की मागचा गडी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला रेटतो. मागे वळून बघायचं नाही, तोल जातो. आणि माथा यायच्या आत 'पुरे' म्हणायचं. मग हात निघतो आणि उरलेलं आपलं आपण चढायचं. म्होरक्याने हे मला दोनदा बजावलं. आज तेवढी वेळच आली नाही. खडूसच्या पायथ्यालाच मी सायकलवरून उतरलो.

१२ मे, रविवार
टेकडी भाजून निघालीय, दातांखाली धूळ करकरते. दोन महिने घाम गाळून वजन उतरलंय दीड किलो. कंटाळा आला या शरीराचा! पण आज खडूसवर मला हात मिळाला. पाठीच्या बरोबर मधोमध, उबदार, ठाम. सायकल सरसर वर निघाली. 'पुरे' म्हणायला हवं होतं, पण कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मला दम लागत नव्हता. लबाडी केली, माथ्यापर्यंत गप्प राहिलो. वर पोचलो तर सगळे आधीच बसून पाणी पीत होते. माझ्यामागे कुणी नव्हतंच. मी सांगितल्यावर सगळे हसले, एकटा म्होरक्या हसला नाही. पुरे म्हणालास ना, असं विचारलं त्याने. मी हो म्हणून टाकलं.

२१ जुलै, रविवार
चिखलाने चेन अडते, मी अडत नाही. हात आता पहिल्या चढापासूनच असतो. कमरेचा पट्टा तीन भोकं आत गेलाय. छापखान्यातले विचारतात, औषध कसलं घेतोस.
ताई मात्र उतरलीय. भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली होती. मी म्हटलं, वय झालं तोफेचं. एरवी धपाटा मिळाला असता, आज नुसती हसली. उजवं मनगट फार दुखतं म्हणाली.

१३ ऑक्टोबर, रविवार
ताई सांगत होती, रविवारी मी टेकडीवर गेलो की तिला झोप आवरत नाही. आणि स्वप्न एकच. मी सहा वर्षांचा, सायकल शिकतोय आणि ती पाठीवर हात ठेवून मागून धावतेय. चढ संपतच नाही. मी वळून बघत नाही. तिला त्याचं हसू येत होतं. मी तिचा उजवा हात हातात घेतला. तळव्यावर बारीक जाळीचे ठसे होते. माझ्या अंगातल्या जर्सीची जाळी तशीच आहे.
आजही मी मजेत गेलो होतो. शरम वाटते.

१४ ऑक्टोबर
म्होरक्याच्या दुकानात जाऊन खरं सांगून टाकलं. त्याने हातातलं चाक खाली ठेवलं. त्याचा भाऊही एकदा 'पुरे' म्हणाला नव्हता. तो वाऱ्यासारखा सुटला आणि घरात आई झिजून गेली. जो आपल्यासाठी सगळ्यात जास्त खपतो त्याचाच हात येतो, म्हणाला. उपाय विचारला तर त्याने चाक पुन्हा हातात घेतलं. सायकल तिथेच टाकून पायी घरी आलो.
जिना चढताना — पाठीवर —

१७ नोव्हेंबर
पुरे, पुरे, पुरे. हजारदा म्हणून झालं. आता उपयोग नाही.
ताई अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर म्हणतात, आजार सापडत नाही, नुसती झिजलीय. झोपेत हात पुढे करते. पुटपुटते, थोडंच राहिलंय, मी आहे मागे. हलवून जागं केलं तर माझ्याकडे बघून म्हणते, किती छान दिसतोस रे. पुन्हा झोप.
मला दम लागत नाही. थकवा हवाय मला, माझा माझा थकवा.

१ डिसेंबर
भिंतीला पाठ टेकून बसलो. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये — हात.
पाणी आणायला उठलो तर तिचे ओठ निळे पडले. बसलो, तर जरा —

२ डिसेंबर
सकाळपासून हललो नाही. तिच्या गालांवर रंग आलाय. खरंच आलाय!
म्हणजे मी काहीच करायचं नाही. काहीच.
लिहितोय तेवढंच. पण लिहायलासुद्धा — दर ओळीला तिचा श्वास अडकतो — आत्ताही —
थांबतो. पेन ठेवतो. शेवटचं एकच. ताई, मी तुला कधी बोललो नाही, पण तू मा