कबरखोदी

रविवार, २८ ऑगस्ट १९८३

आली परत! चर्च सुटल्या सुटल्या, बरोबर दहाला, ती तिची मरतुकडी कुत्री घेऊन. गेझिने ब्रोकहोफ. डुकरं पाळणाऱ्या ब्रोकहोफची पोरगी. शिकारीचा परवाना काढून धड तीन वर्षं झाली नाहीत, आणि फाटकातूनच सुरू – "हिनर्ककाका, लिंडे बदक नीट आणते, पण हातात देताना बसतच नाही. काय करू?"

काय करू! पिल्लू नेताना विचारायचं होतं. लिंडे माझ्याच डिस्टेल कुत्रीची. आठांतली शेवटची, उंदराएवढी, राठ केसांच्या जातीची असून अंगावर नुसती लव. कुणी घेईना म्हणून हिच्या गळ्यात मारली. तिचा भाऊ लुक्स मी ठेवला. छाती बघा, डोकं बघा, दाढी बघा! एर्लनब्रुखचं रक्त म्हणतात ते हे. एकतीस वर्षं झाली मला या घराण्याची पैदास करून.

तरी शिकवलं. माझा स्वभावच गाढवाचा. लाकडी ठोकळा टाकला, तिला सांगितलं – कुत्री समोर बसेपर्यंत हात पुढे करायचा नाही. बसली, तोंडात धरून थांबली, की मग "दे" म्हणायचं. तोवर नाही. तिसऱ्या खेपेला लिंडे बसली आणि ठोकळा धरून माझ्याकडे बघत राहिली.

लुक्सला याला तीन आठवडे लागले होते. बायको, अल्मुट, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. हसत असावी.

४ सप्टेंबर

परत. या खेपेला आलुबुखारचा केक घेऊन. अल्मुटनं तीन तुकडे खाल्ले. एका केकमध्ये बायको फितूर!

११ सप्टेंबर

बीटच्या शेतात दोघांना सोडलं. लिंडे वाऱ्यावर नाक धरून निघाली आणि मधेच थबकली. एक पाय वर, शेपूट ताठ. चाळीस पावलांवर तित्तरांचा थवा दबून बसलेला. हललीसुद्धा नाही. आणि आमचे लुक्समहाराज मागून आले ते थेट थव्यातच! सगळे तित्तर उडाले. "अजून लहान आहे हो," गेझिने म्हणाली. एकाच दिवशीची भावंडं आहेत ती, बये!

तिच्याकडे एक निळी वही आहे. मी बोललो की लिहून घेते. आज विचारलं, "काका, सगळ्यात वाईट खोट कुठली?"

मी म्हटलं, कबरखोद्या. डोळ्यांसमोर देवदूत, पण नजरेआड गेला आणि शिकार सापडली की आणायची सोडून खड्डा करून पुरून टाकतो. आणि म्हणून शिकारी कुत्र्यांच्या परीक्षेत मेलेला ससा ओढत नेऊन वासाची वाट पाडणारा माणूस शेवटी स्वतः लपून बसतो. कुत्र्याला वाटतं कुणी बघत नाही. तेव्हा जे करतं ते खरं कुत्रं.

"आणि तसं निघालं तर?"

"तर पैदास बंद. खोट माहीत असून जो पिल्लं काढतो तो चोर."

हे लोगेसला उद्देशून होतं – आमच्या श्वानमंडळाचा पैदासप्रमुख, स्वतःची कुत्री कशी आहेत ते सगळ्या गावाला माहीत. पण बाईसाहेबांनी तेही वहीत उतरवून घेतलं.

२ ऑक्टोबर

लुक्स तळ्यात जाईना. काठी फेकली, बदक फेकलं, शेवटी मीच गुडघाभर उतरलो. तो काठावर बसून बघत होता. सर्दी मला.

शनिवार, ८ ऑक्टोबर

परीक्षा. सगळं लिहितो, म्हणजे विषय संपला.

सकाळी तळं. धुकं, चिखल, लोगेसची कर्कश शिट्टी. लुक्सला लव्हाळ्याच्या बेटाकडे सोडलं. पोटापर्यंत गेला, वळला, बाहेर येऊन लोगेसच्या नव्या विजारीवर सगळं पाणी झाडलं. लोक हसले. लोगेस म्हणाला, "हिनर्क, दिसायला झकास आहे हो. बसायच्या खोलीत शोभेल." संपलं. नऊ वाजता माझा कुत्रा बाद.

मग लिंडे. अकरा मिनिटं त्या लव्हाळ्यात दिसेनाशी झाली. जखमी बदक घेऊन आली, पाण्यातून बाहेर पडल्यावर अंगसुद्धा झाडलं नाही, थेट गेझिनेसमोर येऊन बसली. टाळ्या! माझ्याच अंगणात शिकलेलं बसणं, आणि टाळ्या तिला! वर गेझिने सगळ्यांदेखत म्हणते, "हे काकांनी शिकवलं." माझी कीव करत होती. मला कळत नाही का?

दुपारी सशाची पाळी. ससा ओढणार होता विल्केन, तो परीक्षक. तर त्या बैलाचा पाय तळ्याकाठच्या बिळात गेला आणि घोटा सुजून भोपळा झाला. म्हणाला, "हिनर्क, तू मोकळाच आहेस, तू ओढ." लोगेस कुरकुरला – आपल्या घरचं पिल्लू आपणच बघायचं नसतं. तेव्हा गेझिने मधे बोलली – "माझी काही हरकत नाही. काकांचे डोळे मला पुरेत."

मक्याच्या कापलेल्या शेतातून ससा ओढत नेला. तीनशे पावलं, दोन वळणं, आल्डरच्या झाडीत शिरून ठेवला. मी पन्नास पावलं पुढे, ओंडक्यांच्या राशीमागे पालथा.

लिंडे आली. ससा हुंगला. मग उकरायला लागली. खड्डा केला, ससा ओढून आत घातला, नाकानं पाला लोटला. मला खोकला आला – ती सर्दी – तेव्हा दचकली, ससा उपसला आणि गेली.

परत येऊन तेच सांगितलं. विल्केननं सशाची तंगडी धरून उलटापालटा करून पाहिला. "सकाळपासून ओलं आहे, तरी केसाला मातीचा कण नाही." मी म्हटलं, येताना गवतात पुसली गेली असेल! मी तिथे होतो की तू?

गेझिने रडली नाही. एवढंच विचारलं, "नक्की, काका?"

"नक्की."

"मग झालं." असं म्हणून कुत्रीला उचलून गाडीत ठेवलं. बाकी पास झालेल्यांच्या टोपीत हिरवी डहाळी खोचली, बियर झाली. मी एकच घेतली.

९ ऑक्टोबर

पाहिलं म्हणजे पाहिलं. दहा वाजता कुणी आलं नाही. शांत वाटलं.

१२ ऑक्टोबर

अल्मुटला सगळं परत सांगितलं, खड्डा केवढा, पाला कुठला. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "हिनर्क, मी काही विचारलं नव्हतं."

या घरात बोलायचीही सोय नाही.

१९ ऑक्टोबर

लोगेसचा फोन. आवाजात नुसतं लोणी! "वाईट वाटतं रे हिनर्क. पण बघ, एकाच वेतातला एक पाण्याला भितो, दुसरी कबरखोदी. आता डिस्टेलवर बोट येणारच. वसंतात तिचं शेवटचं वेत व्हायचं होतं ना? मंडळाचं म्हणणं पडलं, नको."

मी ओरडलो. तो म्हणाला, "ओरडतोस कशाला? साक्ष तर तुझीच आहे."

फोन आपटला. मग लगेच ब्रेमेनच्या माणसाचा आला, पिल्लासाठी वर्षभर थांबलेला. नको म्हणाला. त्यालाही कळलं! लोगेसच्या तोंडाला कुलूप नाही.

डिस्टेल गेली, लुक्स गेला. उरलं कोण? ती उंदरी. एकतीस वर्षांचं रक्त त्या डुकरवाल्यांच्या अंगणात! हसावं की डोकं आपटावं?

२३ ऑक्टोबर

विचार केला. धुकं होतं असं म्हणता येईल. वय एकाहत्तर, चष्मा ओला. चूक होऊ शकते की माणसाची! लोगेसला पत्र – खात्री देता येत नाही, लिंडेला पुन्हा संधी द्यावी. पुढच्या शरदात दुसरा माणूस लपेल, ती पास होईल, डिस्टेलवरचं बोट जाईल. शिवाय लिंडेची पिल्लं. एक मादी मी मागून घेईन. नाही म्हणायची नाही गेझिने.

नाक खाली होईल. होऊ दे. विल्केन काय बोलेल ते आत्ताच ऐकू येतंय.

आधी तिला सांगावं लागेल.

शनिवार, २९ ऑक्टोबर

गेलो. डुकरांचा वास फाटकापासून. गेझिने बूट धूत होती. "काका! या, कॉफी टाकते." जणू काही झालंच नाही. राग आला. शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

लिंडे दारातून आली, सावकाश. पोटाला पट्टी. मी विचारलं, कशात अडकली? तारेत?

"नाही. ऑपरेशन केलं. सतराला. आता तिला पिल्लं व्हायची नाहीत."

मी एकदम भडकलो. एवढी घाई कुणी सांगितली होती? डॉक्टर पळून चालला होता? मला विचारायचंस तरी! ती आत जाऊन निळी वही घेऊन आली, पान काढलं, आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं – खोट माहीत असून जो पिल्लं काढतो तो चोर.

"तुम्हीच सांगितलं होतंत, काका. एक रात्र रडले. मग म्हटलं, काकांना स्वतःच्या घराण्याचं नाव खराब करून खरं सांगता आलं, तर मला का जमू नये?"

धुकं, चष्मा – सगळं खिशात घेऊन गेलो होतो, तसंच राहिलं. कॉफी प्यायलो. कडू होती.

निघताना फाटकाजवळ हातमोजा पडला. मला कळलंही नाही. लिंडे मागून आली, टाके सांभाळत. मोजा तोंडात. समोर बसली आणि वर बघत थांबली.

माझा हात पुढे होईना.

"'दे' म्हणा, काका," गेझिने पायरीवरून म्हणाली. "नाहीतर ती तशीच बसून राहील."

रविवार, ३० ऑक्टोबर

दहा वाजून गेले.

लिंडे साडेतीन मिनिटांत आली होती. ससा हुंगला, कमरेत धरून उचलला, वळली आणि गेली. जमिनीला पंजासुद्धा लावला नाही. मी खोकलोही नाही.