चाकांची खांदशेकणी

८ ऑगस्ट, शुक्रवार
नातीले, दीपमालेले, म्हटलं, मी बोलते तसंच लिहीजो, सुधारू नको. हे फक्त माह्यासाठी आहे. मले अक्षर येत नाई, म्हणजे घरात दुसऱ्या कोणाले वाचाची गरजच नाई.

माही लहानी बहीण जयवंता राखीच्या निमित्तानं समुद्रपूरहून आमच्याकडं देवळीले आली. दारात सचिनची, माह्या नातवाची, नवी पांढरी गाडी. मी म्हटलं, पाहा. जयवंता वाकली, चाकाले बोट लावलं आन ते बोट माह्या नाकापुढं धरलं. काळं, चिकट, तव्याच्या बुडासारखं. म्हणे, रुख्मे, नवरी गोरी आन पाय न धुता उभी केली काय वं?

शी! चहासुद्धा गिळवला नाई.

ठराव: तान्ह्या पोळ्याले याच गाडीत बसून तिच्या दारात जायचं. त्या दिवशी लेकरं लाकडी बैल घेऊन निघतात, सारा मोहल्ला बाहेर असते. सगळ्यांसमोर चाकात तोंड दिसलं पाहिजे. जयवंताचं.

१० ऑगस्ट, रविवार
सचिन म्हणे, आजी, तो ब्रेकचा भुसा आहे. ब्रेक घासला का उडते. मी त्याले बोलू दिलं. दिवसभर ऑफिसात बसणाऱ्या पोट्ट्याले मळातलं काय समजते? हा बाजूच्या मधुकररावाच्या चुलीचा धूर आहे. तसं त्याच्या तोंडावर सांगून आली. तो म्हणे, काकू, आमच्याकडं गॅस आहे. खोटारडा.

सायंकाळी राख, चिंच आन नारळाची शेंडी घेऊन बसली. जन्मभर पितळ घासलं, चाक कोण लागून गेलं? काळं माह्या नखांत, बोटांच्या भेगांत शिरलं. भाकरी थापली तं भाकरीवर पाची बोटं उमटली. सून मंजुषानं ती गाईपुढं टाकली. गाईनं हुंगली आन मान फिरवली. इतका नखरा गाईले शोभत नाई.

११ ऑगस्ट
चाकावर ओरखडे. सचिननं डोक्याले हात लावला. म्हणे, आजी, अलॉय आहे, घागर नाई. मी म्हटलं, मांजरीनं केलं असंल. आपल्याकडं मांजर नाई, असं दीपमाला म्हणते. तिले लिहाले बसवलं आहे, बोलाले नाई.

१५ ऑगस्ट, झेंड्यानंतर
सचिननं ऑनलाइन बाटली मागवली. स्प्रे मारला तं चाकातून जांभळं पाणी गळाले लागलं, जखम वाहावी तसं. आन वास! सडक्या अंड्यांचा. मंजुषानं नाकाले पदर लावला आन माह्याकडं पाहिलं. मी काऊन?

चाक निघालं मात्र लख्ख. माह्या चिंचेनं मळ आधीच ढिला झालता, म्हणून.

१७ ऑगस्ट
सचिनसंग वर्ध्याले जाऊन आली. पुढच्या सीटवर बसली. पोट्टा गाडी पळवते भलती, म्हणून वाटभर मदत केली. बकरी आली, थांब. ट्रक आला, हळू. तो बैल पाहा, मार ब्रेक. मी होती म्हणून धड घरी आलो.

उतरून पाहतो तं चाकं पुन्हा काळी. काय घाण रस्ता आहे हा! लोकं थुंकतात, त्यानंच.

२१ ऑगस्ट, दुपार
उद्या पोळा. आज खांदशेकणी. जुवानं घासलेल्या बैलाच्या खांद्याले तूप-हळद चोळाची, म्हणजे कातडं मऊ राह्यते, काही चिकटत नाई. आमची बैलजोडी विकली. घराचं ओझं आता गाडीच ओढते, तं तिचे खांदे म्हणजे तिची चाकं. एवढी साधी गोष्ट कंपनीवाल्याइले सुचली नाई.

मंजुषा वावरात गेली आन मी तुपाची बरणी काढली. चारही चाकं चोळली. आत एक लोखंडी चकती आहे, मळ तिथूनच येते म्हणतात. तिलेही हात घालून भरपूर लावलं. हात असे बरबटले का माह्याच हाताची मले शिसारी आली. पण आता मळ बसून दाखवू दे.

२२ ऑगस्ट, पोळा
सचिन तोरण आणाले गाडी घेऊन निघाला. कोपऱ्यावर ब्रेक लागलाच नाई. गाडी गुमान चालत गेली आन तानबाच्या उकिरड्यात शिरली, दिव्यापर्यंत. कोणाले लागलं नाई. पण शेण, सडका कडबा, वरून माशा. सणाच्या दिवशी. शी, शी!

गॅरेजवाल्यानं चाक खोललं, बोट हुंगलं आन विचारलं, गाईचं का म्हशीचं? सचिननं माह्याकडं पाहिलं. मी म्हटलं, मंजुषाले विचार, तूप तिनंच कढवलं.

सचिन रागावला नाई. हळूच म्हणे, आजी, तिथं उकिरडा होता. लेकरू असतं तं?

मी तोंड धुवाले गेली. लवकर आली नाई.

मग तो म्हणे, मी एकटा ऑफिसले जातो तं चाकं पांढरीच राह्यतात. तू पुढं बसून ओरडते, मी ब्रेक मारतो, आन भुसा उडते. तोच हा मळ.

ठराव: गाडी दुरुस्त झाली का जायचंच. पण वाटेत तोंडातून एक शब्द नाई.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा, समुद्रपूर
गाडी सकाळी आली. ब्रेक नवे, चाकं आरशासारखी.

मी पुढं बसली, दीपमाला वही घेऊन मागं. मी शब्द पाळला. जाम गावच्या चौकात ट्रक आडवा आला तवा फक्त अगं माय म्हटलं, तो काही शब्द नाई. कुत्र्याले नुसता हात केला. म्हशी आल्या तवा पाय दाबला, तोही माहाच, माह्याच बाजूचा. सचिननं दर वेळी ब्रेक मारला. घाबरट आहे पोट्टा.

जयवंताच्या दारात लेकरं लाकडी बैल घेऊन उभी. त्या बैलांच्या पायाखालची इवली चाकं लख्ख. जयवंता बाहेर आली, वाकली, आमच्या चाकाले बोट लावलं, बोट मले दाखवलं. ते बोट माह्याच नव्या लुगड्याच्या पदराले पुसलं आन म्हणे, ये, बस, पाय दुखले असतीन.

दीपमाले, लिही. समुद्रपूरची धूळ फार काळी आहे. परत जाताना मी मागं बसणार. तिथून सचिनचा कान जवळ पडते.