स्टॉल नंबर एक्केचाळीस

२६ ऑक्टोबर २००९, सोमवार

पणजीच्या कार्यालयात तालुका वार्ताहरांची बैठक. संपादक शिवदासबाब दोन गोष्टी बोलले. एक, २० ते २२ नोव्हेंबरला पेडण्यात उद्योग मेळा आहे, तो नव्या पद्धतीने कव्हर करायचा. तिथूनच बातमी, तिथूनच फोटो. दोन, पणजीत स्टाफ रिपोर्टरची एक जागा रिकामी आहे. लागोपाठ बोलले. याचा अर्थ न कळण्याइतका मी खुळा नाही. बोलताना माझ्याकडेच पाहत होते. (तुमच्या मागे घड्याळ होतं, असं पेडण्याची संजना म्हणाली. तिला या लाइनमध्ये दोनच वर्षं झालीत.)

मेळ्याला कुठलं साहित्य न्यायचं ते कोण ठरवेल, असं विचारलं. हात मीच वर केला. एकट्याने.

पंधरा वर्षं डिचोलीचा वार्ताहर आहे. सकाळी मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटर, दुपारनंतर पत्रकारिता. खिळे तोलत म्हातारं व्हायचं नाही, हे आज ठरलं.

२९ ऑक्टोबर

यादी तयार. नेटबुक, इंटरनेटचं डेटा कार्ड, व्हॉइस रेकॉर्डर, डिजिटल कॅमेरा, तिपाई. उद्या नक्की करतो.

३ नोव्हेंबर, मंगळवार

नक्की करण्यासाठी म्हापशाला निघालो. डिचोलीबाहेर खनिजाचे ट्रक. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये माझी स्कूटर आणि मी, दीड तास. तोंडावर लाल धूळ. पोचलो तेव्हा दुकान दुपारच्या झोपेसाठी बंद. पायरीवर बसून दोन माहितीपत्रकांची तुलना केली. शास्त्रीय काम घाईने होत नाही.

७ नोव्हेंबर

मेहुणा बाबली म्हणाला, "भावोजी, एक तारखेक बाजूचो गाळो उघडतलंय. तुमी पुरो दिवस बसतल्यात काय नाय, ता एकदा सांगा." तेवीस तारखेला सांगतो म्हटलं आणि किंचित हसलो. त्याला काय ते कळलं असावं. नंतर माझ्या बायकोला, सुमंगलाला, विचारत होता, भावोजींचा दात दुखतो का.

१४ नोव्हेंबर, शनिवार

साहित्य मिळालं. यादीतलं सगळं. कागदावर सही केली. "हरवल्यास वा बिघडल्यास जबाबदार: कृष्णनाथ मांद्रेकर." आपलं नाव असं टाइप केलेलं बघायला बरं वाटतं. संजनाने कपाटातून फक्त एक बॉलपेन मागून घेतलं. वाईट वाटलं. तिला सांभाळून घ्यावं लागेल.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

बॅग भरण्याची रंगीत तालीम, चार वेळा. चार्जर पाच. सुमंगला म्हणाली, अहो, ही सगळी एकाच वेळी कुठं लावणार? मी म्हटलं, मेळा राज्यस्तरीय आहे, तिथं सोय असते. तेवढ्यात बाबली दुकानातून दहा सॉकेटचा बोर्ड घेऊन आला. त्याने स्वतः बनवलेला. लाकडी फळी, पिवळी वायर, काळी चिकटपट्टी. असली वस्तू घेऊन मी प्रेस रूममध्ये जाऊ? स्पष्ट नाही म्हटलं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार. पेडणे.

सकाळी ९.३०. प्रेस रूम म्हणजे मंडपाची मागची बाजू. पुढे कापडी पडदा. एक मेज, बसायला एक प्लॅस्टिकची कदेल, एक प्लग.

१०.१५. नेटबुकची बॅटरी वीस मिनिटांत संपली. डेटा कार्डाला रेंज फक्त मैदानाच्या गेटवर. प्लग इथे. मध्ये दोनशे पावलं. हा मैदानाचा दोष आहे, निवडीचा नाही.

१०.४०. डबा काढला. खाली बोर्ड. सुमंगलाने घातला असणार. तात्पुरता लावला.

११.००. संजना आली. "कृष्णनाथबाब, अर्धो तास फोन दवरू?" ठेव म्हटलं. सांभाळून घ्यायचं ठरलंच आहे.

१२.३०. फोन चौदा. फोटोग्राफर, निवेदक, पाहुण्यांचे पीए, काजूच्या यंत्रवाल्याचा पुतण्या. प्रत्येकाच्या फोनला नावाची चिठ्ठी लावतो. उठावं म्हटलं तर कार्यालयाचा कॅमेरा, नेटबुक, माझी सही. आणि हे चौदा जण.

४.००. मेळा अजून पाहिलेला नाही. पहिला दिवस तसाही औपचारिक असतो.

२१ नोव्हेंबर, शनिवार

१०.००. आयोजकांपैकी प्रज्योत आला. म्हणाला, वीज तपासणारे आलेत, प्रत्येक कनेक्शनाला स्टॉल नंबर हवा. पडद्यावर "४१" लावून गेला. मी म्हटलं, ही प्रेस रूम आहे. म्हणाला, "हो हो, तेंच."

११.३०. रांग. "बारीक पिन आसा?" "जाडी पिन आसा?" "मामा, ह्येला रेड लाइट का येतोय?" एकाने चार्जिंगचे पैसे विचारले. मी पत्रकार असल्याचं ठणकावून सांगितलं. बरं म्हणाला आणि फोन दिला.

२.००. संजनाला दोन मिनिटं बसवून बाथरूमला गेलो. जाता-येता एक सोलर हीटर दिसला. त्यावर बातमी होऊ शकते.

४.३०. व्हॉइस रेकॉर्डर सकाळपासून चालू होता. ऐकला. तीन तास "बारीक पिन आसा?" आवाज मात्र स्वच्छ. निवड अचूक होती.

संजना चारच्या बसच्या कंडक्टरकडे पाकीट देऊन आली. पेनाने लिहिलेली बातमी, बसने पणजीला! हसू आलं. मी नेटबुकवर सोलर हीटरचा मथळा टाइप केला आहे, जाताना गेटवरून पाठवतो.

उद्या शेवटचा दिवस. काहीही झालं तरी दहा वाजता या कदेलीवरून उठणार.

२२ नोव्हेंबर, रविवार

१०.००. उठलो. फोन तेवीस. बसलो.

११.१०. शेवंतीबाय म्हणून गोड खाज्यांच्या स्टॉलवरची म्हातारी आली. फोन पार मेलेला. तिचा मुलगा बोटीवर कामाला, बोट आज मुरगावहून सुटणार. सुटण्याआधी फोन करणार, मग आठ महिने आवाज नाही. "पुता, ह्यो सोडून खंय जाऊ नको हां." नाही जात म्हटलं. सहज.

११.४५. समारोपाचे प्रमुख पाहुणे आले. माझ्यापासून पंधरा फुटांवर, पडद्यापलीकडे. त्यांना शाल, श्रीफळ दिलं. मग नारळ सोलायच्या यंत्राचं प्रात्यक्षिक त्यांच्याच हस्ते. भाषण ऐकू येत होतं. कॅमेरा गळ्यात अडकवला, पडद्याला हात घातला.

शेवंतीबायचा फोन वाजला.

ती तिच्या स्टॉलवर. फोनला चार्ज जेमतेम, वायर काढली तर बंद पडेल. मी उचलला. मुलगा म्हणाला, कोण तुम्ही? मी म्हटलं, पत्रकार, थांब. एका हातात तो फोन, दुसऱ्या हाताने टाळ्या वाजवता येईनात म्हणून बोर्डावर थाप मारत "शेवंतीबाय!" असं ओरडत राहिलो. ती धावत आली. पीठ लागलेल्या हातांनी फोन घेतला. वायर आखूड, म्हणून कदेलीवर ती आणि मी खाली गुडघ्यांवर, बोर्डाचं सैल सॉकेट बोटाने दाबून. अकरा मिनिटं. आई काय बोलली ते लिहीत नाही, ते बातमीचं नाही.

त्याच अकरा मिनिटांत पलीकडे आधी "अरे, अरे!" मग फर्र असा आवाज, मग किंचाळी, मग शांतता, मग अख्खा मंडप हसला. मी हललो नाही. बोट सॉकेटवर होतं.

१२.२०. संजनाकडून कळलं. पाहुण्यांनी आपल्याला मिळालेलं श्रीफळच यंत्रात घातलं. यंत्राने श्रीफळ घेतलं आणि मागोमाग शाल. पाहुणे शाल सोडेनात, सन्मानाची होती म्हणून. शेवटी सोडली. कोणाला काही लागलं नाही. संजनाने फोनवर तीन फोटो काढले. बॅटरी फुल होती, थँक यू कृष्णनाथबाब, म्हणाली.

३.३०. बक्षीस समारंभात "स्टॉल नंबर एक्केचाळीस" असं दोनदा पुकारलं. मी कोणाला म्हणतात ते बघत होतो. प्रज्योतने हाताला धरून नेलं.

२३ नोव्हेंबर, सोमवार

पहिल्या पानावर शाल, अर्धी यंत्रात. खाली संजनाचं नाव. आठव्या पानावर बक्षिसांची चौकट, तिचीच, आयोजकांच्या यादीवरून जशीच्या तशी: "उत्कृष्ट ग्राहकसेवा, तृतीय: मोबाइल व्यावसायिक कृष्णनाथ मांद्रेकर, डिचोली." पंधरा वर्षांत आमच्या पेपरात माझं पूर्ण नाव पहिल्यांदाच छापून आलं.

दुपारी शिवदासबाबांचा फोन. जागा संजनाला. तुझी सोलरची ओळ मिळाली, म्हणाले.

बाबलीला सांगितलं. त्याने दात कसा आहे विचारलं.

१ डिसेंबर, मंगळवार

नवा गाळा उघडला. चार्जर, पिना, बोर्ड. प्रमाणपत्र बाबलीने गल्ल्याच्या वर लावलं, देवाच्या फोटोशेजारी. मी काउंटरवर. हे तात्पुरतं आहे.

सकाळी बसच्या कंडक्टरने एक पुडा आणून दिला. खाजी. वर पेनाने "४१" एवढंच लिहिलेलं. सुमंगलाने विचारलं, कोणाकडून? सांगितलं. तिने पुडा सोडून एक खाजं माझ्या हातावर ठेवलं. मग म्हणाली, ते सैल सॉकेट बाबलीकडून घट्ट करून घ्या.

दुपारी शिवदासबाबांचा फोन. जानेवारीत पणजीत मोठं प्रदर्शन, आपले सहाजण जाणार, तूही हवास. छाती फुगली. म्हटलं, साहित्याची यादी उद्याच पाठवतो.

म्हणाले, यादी संजनाने केलीय. दोनच गोष्टी आहेत. बोर्ड आणि तू.